तेहतीस कार्डे आणि पाचवे नाव

बॉक्सिंग महासंघाच्या कार्यालयात एकच पंखा होता आणि तो सेक्रेटरींच्या डोक्यावर होता. तराजूराव ज्या कोपऱ्यात बसत तिथे वारा पोचत नसे. खालच्या व्यायामशाळेतला घामाचा आणि मलमाचा वास मात्र लाकडी जिन्याने बिनचूक वर येत असे. एकोणीस वर्षे हा वास घेऊन तराजूरावांचे नाक त्याला सरावले होते. बाकी कशालाच ते सरावले नव्हते.

चोवीस वर्षे त्यांनी वजनमापांच्या सरकारी प्रयोगशाळेत काढली होती. दुकानदारांची वजने जिथे तपासली जातात तिथली नव्हे. त्या तपासणाऱ्यांची वजने जिथे तपासली जातात, तिथली नोकरी. बॉक्सिंगचे वेड तरुणपणापासून होते, पण स्वतः ग्लोव्हज चढवण्याइतके ते कधी वाढले नाही. महासंघाला जुन्या लढतींच्या नोंदी नीट ठेवणारा माणूस हवा होता आणि यांना नोंदी नीट ठेवण्यावाचून दुसरे काही येत नव्हते. व्यायामशाळेतल्या पोरांनी पहिल्याच आठवड्यात त्यांचे नाव तराजूराव ठेवले. ते चिकटले ते चिकटलेच.

"पाथरवट सोमवारी येतोय," सेक्रेटरी म्हणाले. "चार नावं कोरून झाली. पाचव्याची जागा मोकळी सोडून तो घरी जाऊन बसलाय. येणारेजाणारे विचारतात, हा दगड उंदरांनी कुरतडला का?"

नव्या प्रशिक्षणगृहाच्या दर्शनी भिंतीवर काळा दगड बसवला होता. त्यावर गतकाळच्या पाच हेवीवेट विजेत्यांची नावे यायची होती. चार नावांवर कुणाचे दुमत नव्हते. घोडे अडले होते पाचव्यावर. घण की सावली?

हे दोघे एकमेकांशी कधी लढलेच नव्हते. घणाने ग्लोव्हज उतरवल्यानंतर सहा वर्षांनी सावली रिंगमध्ये आला. त्यामुळे वाद घालायला रान मोकळे होते आणि खालच्या व्यायामशाळेत तो रोज नव्याने पेटत असे. घणाने एका ठोशात सावलीला दोरीवर वाळत घातला असता, असे एक म्हणे. त्यासाठी आधी सावली हाताला लागायला हवा, असे दुसरा म्हणे. मग दोघेही वर येऊन तराजूरावांकडे बघत आणि तराजूराव पत्र्याचे कपाट उघडत.

त्यांची पद्धत साधी होती. दोन काळांतल्या माणसांना एकमेकांसमोर उभे करता येत नाही. पण त्यांनी कुणाला हरवले ते बघता येते. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचे एक कार्ड होते. त्यावर त्याच्या सगळ्या लढती, पहिलीपासून शेवटच्यापर्यंत. शंभर लढतींमागे तो किती जिंकला असता, हा त्याचा आकडा. विजेत्याने हरवलेल्या सगळ्यांच्या आकड्यांची सरासरी, हा विजेत्याचा आकडा. बलवानांना हरवणारा मोठा, दुबळ्यांना हरवणारा लहान. यात भावनेला शिरायला फट ठेवली नव्हती, याचा तराजूरावांना अभिमान होता.

"सावली अडुसष्ट," ते म्हणाले. "घण बावन्न. दोनदा मोजलंय."

"घण म्हणजे तुमचे मेहुणेच ना?"

"बहिणीचे यजमान. म्हणूनच दोनदा मोजलं."

"मग तिसऱ्यांदा मोजा," सेक्रेटरी पंख्याखालून म्हणाले. "उद्या कुणी म्हणायला नको, की लग्नात मानपान नीट झाला नाही त्याचा राग तराजूरावांनी दगडावर काढला. आणि ते संमतीपत्र विसरू नका. जो विजेता हयात आहे त्याची सही लागते. नियम तुम्हीच केलाय."

मानपानाचा विनोद तराजूरावांना आवडला नाही. पण तिसऱ्यांदा मोजण्यात गैर काहीच नव्हते. त्यांनी घणाची तेहतीस कार्डे काढून टेबलावर मांडली.

आकडा बदलला नाही. बावन्नच. कार्डे पुन्हा डब्यात भरताना गवंड्याचे कार्ड त्यांच्या हातात राहिले. हा खरोखरच दिवसा भिंती बांधणारा आणि संध्याकाळी लढणारा माणूस होता. एकूण छत्तीस लढती, एकोणीस जिंकला, म्हणजे त्रेपन्न. मध्यम दर्जाचा. या कार्डाकडे त्यांनी आजवर शंभरदा पाहिले असेल. पण आज ते एका टोकाला धरून वाचत गेले, जिना उतरावा तसे. विजय, विजय, विजय, पराभव, मग पुन्हा ओळीने विजय. घणाशी लढण्यापूर्वी गवंडी एकोणीस लढती लढला होता आणि त्यांतल्या सतरा जिंकला होता. मग घण. त्यानंतर सोळा लढती, त्यांतल्या दोन जिंकला.

तराजूरावांनी पेन्सिलीने घणाच्या लढतीखाली एक आडवी रेघ मारली. कार्डावर रेघ मारण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

मग त्यांनी दुसरे कार्ड घेतले, मग तिसरे. शुक्रवारची दुपार अशीच गेली. शनिवारी सावलीची कार्डे काढली आणि त्यांवरही तशाच रेघा मारल्या. त्यांना स्वतःच्या शोधावर कधीच भरवसा नसे, म्हणून त्यांनी आधी त्याच्याविरुद्ध सगळे पुरावे गोळा करायला घेतले. घणाचे प्रतिस्पर्धी वयाने थकलेले असतील, तर उतरण आधीच लागलेली असणार. पण नाही, त्यांचे सरासरी वय सत्तावीस निघाले, सावलीच्या प्रतिस्पर्ध्यांचे अठ्ठावीस. घणासमोर येण्यापूर्वीच्या शेवटच्या पाच लढतींपैकी चार-चार ते जिंकलेले. बरे, विजेत्यासमोर जो येतो तो ऐन बहरात येतो, पुढे तो थोडा खाली यायचाच, हे गणित त्यांना ठाऊक होते. पण मग सावलीचे प्रतिस्पर्धीही तसेच यायला हवे होते.

रविवारी दुपारी चार आकडे कागदावर एकाखाली एक उतरले. सावलीचे प्रतिस्पर्धी त्याच्याशी लढण्यापूर्वी एकाहत्तर, नंतर सहासष्ट. घणाचे प्रतिस्पर्धी पूर्वी अठ्ठ्याहत्तर. नंतर एकोणतीस.

तराजूरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. एकोणीस वर्षे ते एक चूक करत होते आणि ती एखाद्या नवशिक्यालाही शोभली नसती. घणाने माणसे मोडली होती. मोडल्यानंतरही ती पोटासाठी लढत राहिली आणि हरत राहिली. ते सगळे पराभव तराजूरावांनी प्रामाणिकपणे मोजून घणाच्याच नावावर उणे लावले होते. जितका जोराचा ठोसा, तितका प्रतिस्पर्धी पुढे दुबळा. प्रतिस्पर्धी जितका दुबळा, तितका घण लहान. सावली मात्र माणसांना दमवून गुणांवर जिंकत असे आणि धडधाकट घरी पाठवत असे. ती माणसे पुढे जिंकत राहिली आणि सावलीचा आकडा बसल्या जागी वाढत राहिला.

न्याय्य मोजणी एकच होती. लढतीच्या दिवशी समोर कोण उभा होता तेवढेच बघायचे. त्या मोजणीने घण अठ्ठ्याहत्तर, सावली एकाहत्तर. पाचवे नाव घणाचे.

त्यांनी बहिणीला फोन केला. फोनवर शिवणयंत्राचा आवाज आधी आला आणि बहीण नंतर.

"ताई, दाजींचं नाव दगडावर येतंय."

यंत्र थांबले. "पुन्हा बोल."

"पाचवं नाव. माझी मोजणी चुकली होती. ते मढ्यांशी लढत नव्हते. समोरचे चांगलेच होते. सावलीच्या समोरच्यांपेक्षा चांगले."

"मढ्यांचा राजा" ही पदवी घणाला त्याच्या विजेतेपदाच्या काळातच एका वार्ताहराने बहाल केली होती. तो वार्ताहर कधीच विसरला गेला, पदवी राहिली. दुकानात रांगेत उभी असताना मागून कुणीतरी "राणीसाहेबांना आधी जाऊ द्या" म्हणाले की ताई भाजीची पिशवी आवळून धरी. अशी तिने चाळीस वर्षे काढली होती. आणि त्या पदवीवर गेली एकोणीस वर्षे शिक्कामोर्तब करत होता तिचा सख्खा भाऊ, बावन्न या आकड्याने.

"धाकट्या," ती शेवटी म्हणाली, "आत्ताच्या आत्ता ये. कागद घेऊन ये. मी ह्यांना दाढी करायला बसवते."

दाजी स्वयंपाकघराच्या टेबलाशी मटार सोलत बसले होते. दाढी झाली होती, हनुवटीवर एक कापलेले होते आणि त्यावर कागदाचा चिटोरा चिकटवला होता. एके काळी ज्या मुठींवरून नाव पडले त्या मुठी आता एकेक शेंग फार विचार करून उघडत होत्या. एकाहत्तरावे वर्ष, दोन्ही गुडघे गेलेले.

"या मेहुणेबुवा," ते म्हणाले. "ही काय म्हणते? म्हणे मला दगडाखाली घालताय."

"दगडावर, दाजी."

"अजून फरक आहे म्हणता? बरं."

ताईने यंत्रावरचा कोट बाजूला सारला आणि स्टूल ओढून घेतले. "सांग त्यांना नीट. सावकाश सांग. अहो, शेंगा ठेवा खाली."

दाजींनी शेंगा खाली ठेवल्या नाहीत. तराजूरावांनी कागद पसरला आणि समजावायला सुरुवात केली. पद्धत काय होती, चूक कुठे होती, रेघ कुठे मारली. समजावण्यात ते वाकबगार होते. समोरचा कुठे अडेल हे आधी ओळखून तिथे पायरी ठेवत. आपण ही पायरी कुठल्या जिन्यात ठेवत आहोत, हे मात्र त्यांच्या ध्यानात आले नाही. दुपारपासून ते आनंदात होते आणि आनंदात असताना मोजायची त्यांना सवय नव्हती.

"म्हणजे हे लोक चांगले होते," दाजी म्हणाले.

"अठ्ठ्याहत्तर. आपल्या इतिहासात याहून वरचा आकडा फक्त दगडावरच्या त्या चौघांचा आहे."

"बघा!" ताई म्हणाली. "मी काय म्हणत होते?"

"आणि हा आकडा? एकोणतीस?"

तराजूरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि ही पायरी कुठे उतरते ते त्यांना दिसले. पण विचारलेल्या आकड्याचा अर्थ न सांगणे त्यांना आयुष्यात कधी जमले नव्हते.

"तो नंतरचा. तुमच्याशी लढल्यानंतरचा."

दाजींच्या हातातली शेंग अर्धी उघडी राहिली.

"गवंडी," ते म्हणाले. "गवंडी दारूने गेला."

तराजूराव कागदाची घडी सरळ करू लागले.

"माझ्याकडे आला होता एकदा. आठदहा वर्षांनी. काम मागायला. एक वाक्य धड पुरं होईना त्याचं. सुरुवात करायचा आणि मधेच हरवायचा. म्हटलं, दुपारीच लावून आलाय. हिने चहा दिला तर कप धरता येईना. आठवतं का गं?"

"आठवतं," ताई म्हणाली.

"दारूचा वास येत होता का त्याला?"

ताईने कोटाच्या अस्तरावरचा एक दोरा उचलला. "आता कोण सांगणार. किती वर्षं झाली."

"मेहुणेबुवा, तुमच्या कार्डावर काय आहे? प्यायचा ना तो?"

"कार्डावर दारूचा रकाना नाही, दाजी."

"पण एखादा पितो की. एखादा."

"एखादा पितो."

"तेहतीस?"

नळ ठिबकत होता. शास्त्राच्या माणसाला सुचेल असे या प्रश्नाला एकच प्रामाणिक उत्तर होते.

"तेहतीसच्या तेहतीस नाही. सहाजण पुढेही ठीक होते."

"बाकीचे सत्तावीस."

"हो."

दाजींनी हात पुसले. दुसऱ्याने परत आणून दिलेल्या अवजाराकडे बघावे तसे ते आपल्या बोटांकडे बघत होते. "मला लोक मढ्यांचा राजा म्हणत ना, तेव्हा ही रडायची. मला काही वाटायचं नाही. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. म्हटलं, आधीच संपलेले होते. आपण काही केलं नाही. नंतर तुमचा तक्ता आला. शिकलेल्या माणसाने मोजलेला. बावन्न. मी तो आकडा पाठ केला होता. कुणाचं काही कानावर आलं, अमक्याला आता ओळखपाळख राहिली नाही, तमका पायरीवरून पडला, की मनात म्हणायचो, बावन्न. होतेच तसे ते."

"दाजी, नियमात राहूनच लढलात तुम्ही. पंच उभा होता, डॉक्टर बसलेला होता..."

"मी कुठे म्हणतो नव्हता." त्यांनी कागद हलकेच तराजूरावांकडे सरकवला. "वाचा. नंतरचे वाचा. एकेक."

"कशाला?"

"वाचा तर."

तराजूरावांनी डबा आणला होता. पुरावा सोबत न घेता ते कुठे जात नसत. त्यांनी पहिले कार्ड काढले आणि रेघेखालचे वाचले. नऊ लढती, एक विजय. दुसरे. सहा लढती, सगळे पराभव, चार नॉकआउट. दाजी प्रत्येक नावाला मान हलवत होते, हजेरी घेतल्यासारखी. अकराव्या कार्डाला ताई उठली. तिने भावाच्या हातातले कार्ड काढून घेतले आणि डब्याचे झाकण बंद केले.

"पुरे झालं. सही कुठे करायची ते दाखव त्यांना."

तराजूरावांनी संमतीपत्र पुढे ठेवले. दाजींनी ते वाचले, सगळे, खालच्या बारीक अक्षरांसकट.

"नको," ते म्हणाले.

"अहो, असं काय करता!"

"नाव नको. सावलीला द्या. चांगला लढायचा तो, माणसं घरी परत जायची."

"चाळीस वर्षं!" ताईचा आवाज चढला. "चाळीस वर्षं मी लोकांची तोंडं बघितली. आज कुणीतरी लिहून देतंय की माझा नवरा खरा विजेता होता, तर तुम्ही... मला काहीच नको का? एक दगड नको?"

दाजींनी तिच्याकडे पाहिले. "तुला हवा असेल तर करतो सही. तू सांग."

ताई उठली. ती यंत्राशी जाऊन बसली, कोट पुढ्यात ओढला, सुई खाली केली. चाक फिरवले मात्र नाही.

तराजूराव निघाले तेव्हा ती जिन्यापर्यंत आली. दार ओढून घेतले आणि दबक्या आवाजात म्हणाली, "तुला अक्कल कधी येणार, धाकट्या? आधी मला सांगायचं होतंस. सगळं मला सांगायचं. मी तो एकोणतीस दुमडून आत घातला असता आणि सही घेतली असती."

"त्यांनी विचारलं, ताई."

"विचारलं म्हणून सांगायचं?" तिने डोळ्यांना पदर लावला. "लहानपणापासून तसाच आहेस. आईने विचारलं बरणी कुणी फोडली, की माझ्याकडे बोट."

बरणी तिनेच फोडली होती.

सोमवारी सकाळी तराजूरावांनी सेक्रेटरींच्या टेबलावर दोन कागद ठेवले. पहिल्यावर सुधारलेला तक्ता होता, जुन्या पद्धतीतली चूक आणि ती कुणाची याच्या स्पष्ट उल्लेखासह. पाचव्या क्रमांकावर घण. दुसरा कागद एका ओळीचा होता: पाचव्या क्रमांकाच्या विजेत्याने संमती नाकारली आहे.

सेक्रेटरींनी दोन्ही वाचले. "म्हणजे सावलीच. तीन दिवस घासून पुन्हा आपण तिथेच."

"तिथेच नाही. तक्ता बदललाय."

"दगडावर तक्ता कोण कोरतंय, तराजूराव?"

पाथरवटाने दुपारपर्यंत सावलीचे नाव कोरले. सुबक अक्षर होते त्याचे. खाली पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच नवा वाद सुरू केला, की चौथा मोठा का तिसरा. तराजूराव वर बसून सावलीच्या कार्डांवरच्या रेघा खोडरबराने पुसू लागले होते. मग त्यांनी त्या तशाच राहू दिल्या. आता सगळ्याच कार्डांवर रेघा माराव्या लागणार होत्या, चारशेबारा कार्डांवर. हे काम संपायला वर्ष लागेल आणि ते दुसरे कुणी करणार नाही, हे त्यांना माहीत होते.

मंगळवारी ताईचा फोन आला. आवाजात राग उरला नव्हता. दुसरेही काही उरले नव्हते.

"हे जेवले नाहीत नीट. सकाळपासून एकच धरून बसलेत. म्हणतात, बावीस राहिलेत. तू डबा परत नेलास ना?"

"नेला."

"घेऊन ये."

"ताई, त्यांना त्रास होईल. मी नको म्हणून सांगतो."

"सांगून बघितलं. म्हणाले, त्यांना मी नावाने ओळखतो, मेहुणे फक्त आकड्यांनी. दोघं मिळून वाचू. मीही बसते म्हटलं. एकटीने यंत्रावर बसून ऐकण्यापेक्षा बरं."

तराजूराव दुपारी गेले. टेबल पुसून ठेवले होते. दाजी भिंतीला पाठ लावून ताठ बसले होते, ताई त्यांच्या शेजारी. पाणी न मागता पुढे आले. तराजूरावांनी झाकण काढले, चष्मा लावला, बारावे कार्ड उचलले आणि सवयीने थेट रेघेखाली गेले.

"वरचंही वाचा," दाजी म्हणाले. "आधी वरचं."

"बावीस लढती. एकोणीस विजय."

"डावखुरा होता हा," दाजी ताईला म्हणाले. "पाचव्या फेरीपर्यंत मला हात लावू देईना. चांगला होता. फार चांगला होता."

"हो," ताई म्हणाली.

मग तराजूरावांनी खालचे वाचले.